किलिमंजारोची शेवटची रात्र: ताकद किती लागते हे नंतर, आधी दिवस मोज

भावा, तुझा प्रश्न दोन वेळा वाचला आणि मगच लिहायला बसलो, कारण अगदी ह्याच विचारानं मी स्वतः पहिल्यांदा तिकडं गेलो होतो. तू लिहिलंयस ते थोडक्यात असं की वय ३४, पन्हाळा-पावनखिंड चार वेळा झालंय, रंकाळ्याला रोज सकाळी पळतोस, बायकोला पण ट्रेकिंगची आवड आहे पण ती हळू चालते, दोघांना ऑगस्टमध्ये टांझानियातल्या किलिमंजारोला जायचंय आणि १५ ऑगस्टला शिखरावर तिरंगा धरायचाय. मारांगू रूटचं ५ दिवसांचं पॅकेज स्वस्तात मिळतंय, लेमोशोचं ८ दिवसांचं बरंच महाग पडतंय. तर शेवटच्या चढाईच्या रात्री नेमकी किती ताकद लागते, बायको मागं पडली तर काय करायचं, आणि उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची का नाही.

तुझ्या अख्ख्या प्रश्नात ताकद, स्टॅमिना, फिटनेस हे शब्द सारखे येतात आणि दिवस हा शब्द फक्त पैशाच्या हिशोबात येतो. माझ्या मते गाडी तिथंच चुकतीय. शेवटची रात्र अवघड आहे हे खरं, पण त्या रात्री तू वर जाणार का नाही हे बरंचसं त्याच्या आधीच्या पाच-सहा रात्री तू किती उंचीवर झोपलास ह्याच्यावर ठरलेलं असतं.

आता काही गोष्टी मी इथं बसून सांगू शकत नाही हे पण आधीच बोलतो. उंची कुणाला लागते आणि कुणाला नाही हे वयावरून कळत नाही, बाई का पुरुष ह्याच्यावरून कळत नाही, आणि फिटनेसवरून तर अजिबात कळत नाही. त्यातल्या त्यात एक खूण असते, ती म्हणजे ह्याच्या आधी उंचीवर तुझं काय झालं होतं. तुम्ही दोघं कधी लेहला किंवा केदारनाथला जाऊन राहिलाय का? दोन्ही साधारण साडेतीन हजार मीटरवर आहेत. तिथं पहिल्या रात्री डोकं किती दुखलं, जेवण गेलं का, झोप लागली का, हे आठवून बघ. राहिलाच नसशील तर तुझं शरीर वर कसं वागतंय हे तुला पण माहीत नाही आणि मला पण नाही, आणि मग तर जास्त दिवसांचंच पॅकेज घ्यायला पाहिजे.

आपल्याकडच्या माणसाची एक अडचण आहे. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा हजाराच्या आसपास, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. मारांगूचं गेटच, म्हणजे जिथून चालायला सुरुवात होते ती जागाच, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे. म्हणजे आपण सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी उंचीची सवय म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही, पायाला आणि गुडघ्याला होतो तेवढाच. शिखर, उहुरू पीक, ५,८९५ मीटर. तिथं हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळं एका श्वासात जेवढं मिळायचं त्याच्या निम्मंच मिळतंय. शरीर ह्याला जुळवून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ पैलवानाला पण तेवढाच लागतो.

आता पॅकेजची तुलना रात्रींनी कर. ५ दिवसांच्या मारांगूत पहिली रात्र मांडारा २,७२० मीटर, दुसरी होरोंबो ३,७२०, तिसरी किबो हट ४,७२०, आणि त्याच रात्री बाराच्या सुमाराला उठून वर. रोज हजार मीटरची उडी. डॉक्टर लोकांचा सर्वसाधारण नियम असा आहे की तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हे पॅकेज तो नियम रोज दुप्पटीनं मोडतंय. ६ दिवसांच्या मारांगूत होरोंबोला एक जादा रात्र मिळते, तेवढंच बरं. लेमोशोत पहिली रात्र जंगलात साधारण २,७०० ला, मग शिरा १ साडेतीन हजाराला, शिरा २ ला ३,८५०, चौथ्या दिवशी दुपारी लाव्हा टॉवरला ४,६०० च्या वर जाऊन परत बारांकोला ३,९७६ ला झोपायला खाली, मग करांगा ३,९९५, मग बाराफू ४,६७३ आणि तिथून शिखर. म्हणजे तीन रात्री तू चार हजारांच्या आसपास घुटमळतोयस आणि मधे एकदा वरची हवा खाऊन खाली आलेला असतोस. चढायचं उंच आणि झोपायचं खाली, ह्याच्यासाठीच ती वाट तशी फिरवून नेलीय. बाराफूची शेवटची उडी तिथं पण सातशेच्या जवळ जाते, पण तोपर्यंत शरीर तयार झालेलं असतं.

पार्कची फी दिवसावर असते, गाईड, स्वयंपाकी, पोर्टर सगळ्यांचा पगार दिवसावर, म्हणून जादा दिवस महाग पडतात, त्यात कुणी लुबाडत नाहीय. पैसे वाचवायचे तर विमानाच्या तिकिटात वाचव, तिथल्या हॉटेलात वाचव, सफारी सोडून दे, जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्यानं घे. दिवस कापू नको.

माझं सांगतो. मी पहिल्यांदा गेलो ते माचामे रूटनं, ६ दिवसांचं पॅकेज. त्यात करांगाचा मुक्काम नसतो, बारांकोहून सरळ बाराफू गाठायचं, दुपारी-संध्याकाळी पोचायचं आणि त्याच रात्री निघायचं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात फिट मीच होतो आणि मला ते दाखवायचं होतं. लाव्हा टॉवरला मी बाकीच्यांच्या तासभर आधी पोचलो. आपल्याकडं ईर्षा म्हणतात ना, तालमीत असू दे, शर्यतीत असू दे, मंडळाच्या मिरवणुकीत असू दे, कोल्हापूरचा माणूस ईर्षेनं उतरतो आणि मला त्या ईर्षेचा अभिमान आहे, तिच्या जोरावर आपण बरंच काही केलंय. पण त्या डोंगरावर तिनं माझं वाटोळं केलं. त्या दिवशी संध्याकाळपासून डोकं धरलं ते सुटलंच नाही, मी कुणाला सांगितलं नाही, गोळ्या खाल्ल्या आणि गप्प बसलो. शेवटच्या रात्री साडेपाच हजारांच्या आसपास दोनदा उलटी झाली आणि पाय कुठं पडतोय ते समजेना. गाईडनं मला थांबवलं आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या चवड्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चार पावलं पण जमली नाहीत. त्यानं वाद घातला नाही, माझी सॅक काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली, दंडाला धरलं आणि खाली आणलं. चार हजारांच्या खाली आल्यावर दोन-तीन तासात डोकं असं हलकं झालं की मला रडू आलं. आमच्या ग्रुपमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांना मी चार दिवस मनातल्या मनात 'ह्यांचं काही खरं नाही' म्हणत होतो, त्या वर जाऊन आल्या. त्यानंतर दोन वर्षांनी ८ दिवसांचं लेमोशो करून मी वर गेलो आणि पुढं ग्रुप घेऊन अजून तीनदा गेलोय, पण शिकलो ते त्या पहिल्या वेळेलाच.

म्हणून वहिनींचं. तू लिहिलंयस की ती हळू चालते, माझा पेस तुटेल. तर माझा सरळ सल्ला असा की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना पुढं ठेव आणि तू मागनं चाल. त्यांचा पेस हाच तुझा पेस. तिथले गाईड दिवसभर 'पोले पोले' म्हणत असतात, म्हणजे स्वाहिलीत हळूहळू, आणि पहिल्या दिवशी सपाट जंगलात ते ऐकून आपल्याला राग येतो की आम्ही काय म्हातारे आहोत का. पण ते अगदी विचारपूर्वक चाललेलं असतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाकानं श्वास घेता आला पाहिजे, धाप लागली की तू पेसच्या बाहेर गेलास. ज्यांना आयुष्यभर हळू चालायची सवय आहे त्यांना हे आपोआप जमतं. तुला मात्र शिकावं लागणार आहे, आणि ते शिकायला रंकाळ्यावर पळून भागणार नाही.

आता त्या रात्रीकडं येतो, कारण तू विचारलंयस ते मुळात तेच.

बाराफूला तुम्ही दुपारी एक-दोनला पोचाल. बाराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ, आणि जागा तशीच आहे, उघडा कातळ, वारा, पाणी नाही, पोर्टर लोक ते खालच्या कॅम्पवरनं डोक्यावरनं आणतात, त्यामुळं तिथं पाणी सांडताना विचार कर. तिथं पोचल्यावर फोटो काढत फिरायचं नाही. सामान लावून ठेवायचं, म्हणजे रात्री घालायचे कपडे कुठल्या क्रमानं घालणार त्याच क्रमानं रचून ठेवायचे, हेडटॉर्चमध्ये नवे सेल घालायचे, कारण रात्री अकराला गारठलेल्या बोटांनी आणि सुस्त डोक्यानं काही सापडत नाही. पाच-सहाला जेवण येतं, जाईल तेवढं खायचं, आणि आडवं व्हायचं. झोप लागणार नाही. लागली नाही म्हणून घाबरायचं नाही, कुणालाच लागत नाही, पडून राहिलं तरी पुरतं.

अकराला उठवतात, चहा-बिस्किट, आणि बाराच्या आसपास निघायचं. बाराफू ते उहुरू अंतर जेमतेम पाच किलोमीटर आणि चढ १,२०० मीटरच्या थोडा वर. त्याला सहा ते आठ तास लागतात. रंकाळ्याला एक फेरी पळायला तुला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिथं तीन-चारशे मीटर सरकतोस. समोरच्याच्या बुटाच्या टाचा आणि हेडटॉर्चचा गोल उजेड, एवढंच दिसतं. वर बघितलं तर डोंगरावर दिव्यांची माळ नागमोडी गेलेली असते आणि ती इतक्या वर दिसते की आधी वाटतं चांदण्या आहेत. म्हणून मी आमच्या लोकांना सांगतो, वर बघूच नका. पाऊल टाकायचं, मागचा पाय सरळ करून वजन हाडावर घ्यायचं, एक श्वास, मग पुढचं पाऊल. पुढं पुढं एका पावलाला दोन श्वास लागतात, लागू देत.

सगळ्यात वाईट वेळ पहाटे तीन ते पाच. थंडी उणे १० ते उणे २० च्या मधे कुठंतरी, वारा असला की त्याहून जास्त लागते. झोप येते, उभ्या उभ्या डोळे मिटतात, आणि मनात एकच येतं की बास झालं. इथं एक ओळखायला शिकलं पाहिजे, ते म्हणजे दमणूक कुठली आणि आजार कुठला. थंडी वाजतीय, कंटाळा आलाय, पाय जड झालेत, थोडं डोकं दुखतंय, मळमळतंय, ही त्या रात्रीची नेहमीची रड आहे, गाईडला सांगून हळू चालत राहता येतं. पण डोकं गोळीनं थांबत नाही आणि उलट्या चालूच आहेत, तोल जातोय, असंबद्ध बोलायला लागलाय, बसून राहिलं तरी धाप थांबत नाही, खोकल्यातनं फेसासारखं येतंय, ह्यातलं काहीही दिसलं की तिथंच माघारी. अर्धा तास बसून बघू असं करायचं नाही. मेंदूवर किंवा फुप्फुसात पाणी येत असतं तेव्हा खाली उतरणं हाच पहिला इलाज असतो, आणि तो स्वतःच्या पायावर उतरता येतंय तोपर्यंत केलेला बरा.

ही वाट म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा आणि बारीक दगडाचा घसारा आहे. रात्री गोठलेला असतो म्हणून जरा घट्ट लागतो, रात्री निघायचं एक कारण ते पण आहे. शेवटचा टप्पा, स्टेला पॉइंटच्या खालचा, दोन पावलं वर एक पाऊल मागं असा जातो आणि तिथं बरीच माणसं बसतात. पण तोपर्यंत उजव्या हाताला मावेन्झी ह्या शेजारच्या शिखराच्या बाजूनं आभाळ तांबडं व्हायला लागतं, आणि खरं सांगतो, त्या उजेडानं अंगात काय येतं ते मला शब्दात सांगता येत नाही. तीन वाजता ज्यांनी मला हात जोडले होते की आम्हाला खाली सोडा, ती माणसं साडेसहाला स्टेलावर उभी राहिलेली मी बघितलीयत.

स्टेला पॉइंट साधारण ५,७५० मीटर. तिथं विवराच्या काठावर आलास, लोक मिठ्या मारतात, चहा मिळतो कधी कधी, आणि वाटतं झालं. झालेलं नसतं, उहुरू अजून पाऊण-एक तास पुढं आहे, चढ कमी आहे पण हवा आणखी पातळ. तिथं बसून राहायचं नाही, पाच मिनिटं आणि उठायचं, बसलं की अंग गार पडतं. डाव्या हाताला हिमनदीच्या भिंती दिसतात, त्या बघत बघत चाल. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मनांच्या काळात ह्या टोकाला त्यांच्या बादशहाचं नाव होतं, टांगानिका, म्हणजे आत्ताच्या टांझानियाचा मुख्य भाग, स्वतंत्र झाल्यावर हे नाव दिलं. त्यामुळं १५ ऑगस्टला तिथं तिरंगा घेऊन उभं राहायची तुझी इच्छा मला मनापासून आवडली. फक्त त्या तारखेला स्वतःला बांधून घेऊ नको. लेमोशोनं जायचं तर ९ ऑगस्टला चालायला सुरुवात करावी लागेल तेव्हा १५ ची पहाट शिखरावर येते, आणि मधे कुणाचं पोट बिघडलं तर तारखेसाठी ओढत न्यायचं नाही. चौदाला करांगाला थांबावं लागलं तर थांबायचं, झेंडा सोळाला पण झेंडाच असतो.

माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबू नको. मोबाईल आतल्या खिशात अंगाला लावून ठेव, बाहेर ठेवलास तर थंडीनं बॅटरी उतरते आणि झेंडा हातात असून फोटो निघत नाही.

आणि आता ते, जे तू विचारलंच नाहीस. उतार. त्या दिवशी तू शिखरावर पोचतोस तेव्हा दिवसाचं काम निम्मं पण झालेलं नसतं. ५,८९५ वरनं बाराफूला यायचं, तास-दोन तास पडायचं, काहीतरी खायचं, आणि परत चालत म्वेका कॅम्पला ३,१०० मीटरला जायचं. एका दिवसात जवळजवळ २,८०० मीटरचा उतार, तो पण रात्रभर न झोपता. सगळं धरून बारा ते सोळा तास पायावर. मी जेवढे पाय मुरगळलेले आणि नखं काळी पडलेली बघितलीयत ती सगळी ह्या उतारावर. सकाळी घसारा सैल झालेला असतो, टाच रोवून, गुडघा थोडा वाकवून, काठ्या पुढं टाकत उतरायचं, पळायचं नाही. पोरं घसरत घसरत पळतात, मजा येते, आणि संध्याकाळी म्वेकाच्या पायऱ्यांवर गुडघे धरून बसतात. म्हणून चढताना अंगातलं सगळं संपवायचं नाही. स्टेलावर पोचशील तेव्हा निम्मा माणूस शिल्लक पाहिजे.

वहिनी मागं पडल्या तर काय, ह्याचं उत्तर तिथं पाच हजार मीटरवर शोधायचं नाही, इथं घरी बसून ठरवायचं. वर डोकं चालत नाही आणि दोघांपैकी एकाला दुसऱ्यासाठी वाईट वाटायला लागतं, मग चुकीचे निर्णय होतात. माझी पद्धत अशी की नुसती दमणूक असेल तर दमलेला माणूस एका गाईडबरोबर खाली जाईल आणि दुसरा पुढं जाईल, कुणी कुणावर रुसायचं नाही. पण मगाशी सांगितलेल्या आजाराच्या खुणा दिसल्या तर दोघांनी एकत्र खाली. त्यासाठी कंपनीला आधी विचारून घे की दोघांना किमान दोन गाईड आहेत ना, एकच असेल तर एकाला उतरावं लागलं की दुसऱ्याचं शिखर आपोआप गेलं. आणि हे ठरवताना खाली जाणारा तू असू शकतोस, ह्या बाजूनं पण विचार कर. तू फक्त त्यांच्याच बाजूनं केलायस.

डायमॉक्सबद्दल. ही गोळी उंचीचा त्रास लपवते असा एक गैरसमज आहे, तसं नाही, ती श्वास वाढवून शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं दिलं जातं, आणि आपल्याकडं गोळी बहुतेक २५० ची मिळते म्हणजे अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं, ह्याला घाबरायचं नाही. पण सल्फाची ॲलर्जी असेल, किडनीचा काही त्रास असेल, वहिनींना दिवस असतील किंवा तसा विचार चालू असेल, तर आधी डॉक्टर. नसलं तरी आधी डॉक्टर, आणि कोल्हापुरातच दोन दिवस घेऊन बघायची, पहिल्यांदा डोंगरावर खायची नाही. मी स्वतः ८ दिवसांच्या रूटला घेत नाही, पण ग्रुपमधल्या ज्यांना डॉक्टर लिहून देतात त्यांना अडवत पण नाही. ५ दिवसांचं पॅकेज आणि वर डायमॉक्स, हे गणित मात्र करू नको. झोपेची गोळी आणि दारू ह्या दोन गोष्टी खाली येईपर्यंत बंद.

तयारीचं. ऑगस्टपर्यंत वेळ आहे. पळणं आठवड्यातनं दोनदा ठेव, बाकीचे दिवस सॅकमध्ये सात-आठ किलो घालून चढ-उतार. जोतिबाचा डोंगर पायी चढून पायीच उतर, गाडीनं खाली यायचं नाही, कारण उतरायचाच सराव पाहिजे. महिन्यातनं एकदा सलग दोन दिवस लांब चाल, पन्हाळ्याहून मसाई पठार आणि पुढं, म्हणजे दमलेल्या पायानं दुसऱ्या दिवशी उठून चालायची सवय होते, तिथं आठ दिवस तेच आहे. आणि एकदा तरी रात्री बाराला उठून, न झोपता, हेडटॉर्च लावून सकाळपर्यंत चाला, ओळखीच्या वाटेनं आणि चार माणसं बरोबर घेऊन. हे सगळं वहिनींच्या मागनं. जमलं तर निघायच्या आधी काही महिन्यात चार-पाच दिवस हिमालयातला एखादा चार हजारी ट्रेक करा, उंचीची सवय तोपर्यंत टिकणार नाही, पण दोघांची शरीरं कशी वागतात ते कळेल, आणि मगाशी मी जे सांगू शकत नाही म्हटलं त्याचं उत्तर तिथं मिळेल.

सामानाचं सगळीकडं लिहिलेलं सापडेल, मी फक्त माणसं जिथं चुकतात ते सांगतो. सुती काही घालायचं नाही, बनियन पण नाही, घामानं भिजलं की ते अंगावर गार पडतं. बोटाबोटांच्या हातमोज्यांवर पिशवीसारखे जाड मोजे पाहिजेत. पाण्याची नळीवाली पिशवी त्या रात्री गोठते, बाटलीच घे, लोकरी मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेव, कारण बर्फ वरनं धरतो आणि झाकण मोकळं राहतं. घसाऱ्याचे खडे बुटात जाऊ नयेत म्हणून गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरनं पायाला बांधायचं कापडी आवरण. आणि आपली सवय, प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये बांधायची, ती सोड, टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कापडी पिशव्या शिवून घ्या.

खाण्याचं म्हणशील तर वर भूक मरते. स्वयंपाकी चांगलं करतात, सूप, भात, लापशी, शाकाहारी पण करतात, पण चौथ्या दिवसानंतर घास फिरतो. मी घरची कांदा-लसूण चटणी छोट्या डबीत नेतो, चवीपुरती, पोट बिघडेल एवढी नाही. आणि शेवटच्या रात्री खिशात आपला गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, सुपारीएवढे खडे करून. चॉकलेट बार तिथं दगड होतात, दातानं तुटत नाहीत, गुळाचा खडा तोंडात ठेवला की विरघळतो, आणि दर अर्ध्या तासानं एक ठेवायचा, भूक असो नसो.

विमा काढताना ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि उंचीवरनं खाली आणायचा खर्च त्यात आहे का हे लेखी विचार. बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत उंचीची मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरात असते.

तर आत्ता लगेच करायचं एवढंच, ५ दिवसांच्या पॅकेजला ॲडव्हान्स भरू नको. ८ दिवसांचं बजेटमध्ये बसत नसेल तर ७ दिवसांचं माचामे बघ, त्यात करांगाचा मुक्काम असतो, किंवा पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा पण हवा कोरडी असते आणि तोपर्यंत पैसे साठतील. कंपनीकडनं कार्यक्रम मागवून घे, त्यात प्रत्येक रात्रीची उंची लिहून घे, आणि तो इथं टाक, मी रविवारी निवांत बघून सांगतो. आणि वहिनींचे बूट ह्याच महिन्यात घ्या, पावसाळा सुरू व्हायच्या आत शंभरेक किलोमीटर पायात फिरले पाहिजेत.